हस्तलाघवाची शाळा

आमच्या पनवेलच्या आळींतील एक चौदा वर्षांचा मुलगा परवां आमच्याकडे आला आणि "काका, मला जादू शिकायची आहे, सुरवात कुठून करूं?" असें त्यानें विचारलें. प्रश्न ऐकून आम्हांस थोडें हंसूं आलें. कारण ज्या विद्येचा आरंभ तो विचारीत होता तिची अखेर त्याला अगोदरच ठाऊक होती. नाणें कोठें दडतें, पत्ते कसे पिसावे, रुमालाची गांठ आपोआप कशी सुटते, हें सारें त्यानें मोबाइलच्या पडद्यावर पाहिलें होतें. आम्हीं त्याला एक रुपया दिला व खेळ करून दाखविण्यास सांगितलें. त्यानें तो केलाही. पण तेवढ्यांत तो रुपया आम्हांला तीन वेळां दिसला आणि चौथ्या वेळीं खणकन् फरशीवर पडला. मुलगा हिरमुसला. "मला युक्ति माहीत आहे, तरी होत का नाहीं?" हा त्याचा दुसरा प्रश्न. पहिल्यापेक्षां हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटला.

रहस्य त्याच्यापाशीं होतें, कला नव्हती. या दोहोंतील अंतर आपल्याकडे कोण शिकवीत असे, आणि त्या शिकविणाराचें पुढें आपण काय केलें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांस हें अंतर ठाऊक असावें. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांची जी यादी आहे, तींत 'ऐंद्रजाल' आणि 'हस्तलाघव' या दोन कला वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पहिली भ्रम उत्पन्न करण्याची, दुसरी हाताच्या चपळाईची. एकीची मात्रा प्रेक्षकाच्या मनावर चालते, दुसरीची साधना कर्त्याच्या बोटांत व्हावी लागते. श्रीहर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेच्या चौथ्या अंकांत एक ऐंद्रजालिक थेट राजापुढें येऊन आपली विद्या दाखवितो, आणि अंतःपुराला लागलेली आग ही त्याचीच माया होती असें शेवटीं उघडकीस येतें. शंकराचार्यांनीं तर ब्रह्मसूत्रांच्या भाष्यांत मायावी पुरुषाचा दृष्टांत घेतला आहे. ढालतलवार घेऊन दोरीवरून आकाशांत चढणारा जो दिसतो तो निराळा, आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी निराळा, असें ते म्हणतात. दृष्टांत हा नेहमीं श्रोत्याच्या परिचयाचा असावा लागतो. तेव्हां अशा खेळाची निदान वार्ता तरी त्या काळच्या श्रोत्यांना नवी नव्हती, हें उघड आहे. वेदांतासारखा गहन विषय समजावून देण्यास ज्याचा उपयोग झाला, त्या खेळाचा वारसा आमच्या लहानपणीं ज्याच्या झोळींत होता त्याला आम्ही मदारी किंवा गारुडी म्हणत असूं, आणि त्याच्यासाठीं कोणीही खुर्ची मांडीत नसे.

पनवेल हें वाटेवरचें गांव. आगगाडी होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य मचव्यांतून खाडीनें पनवेलीस उतरे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढे. इ. स. १८३० मध्यें बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता झाला. १८५२ मध्यें पनवेलीस नगरपालिका आली. पुढें १८६३ मध्यें लोहमार्गानें घाट ओलांडला तो कर्जतेवरून, आणि पनवेल बाजूला पडलें. पण बाजार मोडला नाहीं. आणि बाजाराच्या गांवाकडे फिरत्या खेळवाल्यांचें पाऊल वळल्याशिवाय राहत नाहीं. आमच्या शाळकरी वयांत, म्हणजे सुमारें पन्नास वर्षांमागें, वर्षांतून एकदोनदां डमरूचा आवाज येई आणि आम्ही पाटी टाकून धांवत असूं.

त्या मदाऱ्याचें सामान फारच थोडें असे. एक गोणपाट, एक मळकी चादर, डमरू, वेताची टोपली, आणि तीन लांकडी वाट्या व कापडाच्या गोळ्या. यांपैकीं वाट्यांचा खेळ हीच त्या विद्येची बाराखडी होय. आपल्याकडील वाटी उथळ असते व तिच्या पाठीवर एक बोंड असतें. तें बोंड दोन बोटांत धरून वाटी उचलावयाची. त्यामुळें उरलेलीं बोटें मोकळीं राहतात, आणि जें कांहीं व्हावयाचें तें त्या मोकळ्या बोटांच्या आड होतें. खेळ करणारा मांडी घालून जमिनीवर बसलेला. प्रेक्षक चारी बाजूंनीं, कांहीं तर त्याच्या पाठीशीं वांकून पाहणारे. वर टळटळीत ऊन. पडदा नाहीं, मेज नाहीं, दिव्यांची सोय नाहीं. युरोपांतील खेळाडू मेजाच्या मागें उभा राहतो व त्याचे प्रेक्षक समोर बसतात. त्याची पाठ सुरक्षित असते. आमच्या मदाऱ्याला पाठ अशी नव्हतीच. या एका गोष्टीवरून त्याच्या हाताची तयारी किती असली पाहिजे याची कल्पना यावी.

आणि ती तयारी तो कोठें करीत असे? त्याच्या शेजारीं एक पोरगा बसलेला असे. त्याला 'जमूरा' म्हणत. "बोल जमूरे" असें मदारी ओरडे आणि पोरगा त्याच दखनी हिंदुस्थानींत उत्तर देई. आम्ही त्या पोराला मदाऱ्याचा नोकर समजत असूं. आज विचार करितां असें वाटतें कीं, तो नोकर नसून विद्यार्थी होता, आणि त्याचा अभ्यासक्रम मोठ्या शहाणपणानें आंखलेला होता. प्रथम त्यानें डमरू वाजवावा, म्हणजे गर्दी केव्हां जमते व केव्हां विरते तें कळतें. मग थाळी घेऊन फिरावें, म्हणजे कोणता चेहरा भुलला व कोणता संशयी राहिला तें कळतें. मग चादरीखालीं निजावें आणि बोलांचीं उत्तरें द्यावीं, म्हणजे बोलण्याचा ठेका अंगांत भिनतो. हें करीत असतां तो वर्षानुवर्षें गुरूच्या बगलेशीं बसून तोच खेळ पाहत असतो, आणि तोही आंतल्या बाजूनें. अशा रीतीनें पहिल्यानें प्रेक्षक शिकावयाचा, नंतर वाणी, आणि सर्वांच्या शेवटीं हात. आमच्या आळींतल्या मुलाचें शिक्षण नेमकें उलट्या टोंकाकडून सुरू झालें होतें.

एकदां धीर करून आम्हीं त्या मदाऱ्याला "मला शिकवाल का?" असें विचारलें होतें. तो हंसला, आणि झोळींतून एक कापडाची गोळी काढून त्यानें ती आमच्या उजव्या हातांत, करंगळीच्या मुळाशीं दाबून बसविली. ही अशीच धरून दिवसभर वावर; याच हातानें दप्तर उचल, पाणी भर, पतंग उडव; हातांत काय आहे असें कोणीही विचारलें नाहीं, तर पुढच्या बाजारीं ये, असें त्यानें आपल्या भाषेंत सांगितलें. आमच्या मातोश्रींनीं पहिल्याच संध्याकाळीं विचारलें, "हाताला काय झालंय रे?" दुसऱ्या दिवशीं मास्तरांनीं विचारलें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं गोळी टाकून दिली. पुढच्या बाजारीं तो आला नव्हता, आणि आला असता तरी त्याला तोंड दाखविण्याची आमची छाती नव्हती. तथापि त्या दोन दिवसांत एक गोष्ट आम्हांस कळली, ती कोणत्याही पुस्तकांतून इतकी स्पष्ट कळली नसती. लपविलेली वस्तु लोकांना दिसत नाहीं, लपविणारा दिसतो. हाताला आपण कांहीं धरिलें आहे याचा विसर पडेपर्यंत तो हात रिकामा वाटत नाहीं.

वाट्या व गोळ्यांचा हा खेळ एकट्या हिंदुस्थानचा आहे असा आमचा दावा नाहीं. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच आपल्या एका पत्रांत वाट्या व खड्यांच्या खेळाचा उल्लेख केला आहे. या खेळांतील फसवणूक निरुपद्रवी आहे, आणि ती कशी होते हें कळलें तर त्यांतील गोडीच जाते, असा त्याचा अभिप्राय. परंतु पश्चिमेकडे एक निराळी गोष्ट घडली, ती ही कीं ही विद्या ग्रंथांत उतरली. इ. स. १५८४ मध्यें रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थानें चेटूकविषयक समजुतींचें खंडन करणारा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकी म्हणून निरपराध माणसांचा छळ होत होता. त्यांच्यावरील आरोप किती पोकळ आहेत हें दाखवितांना स्कॉटनें बाजारी खेळाडूंच्या युक्त्याही उलगडून सांगितल्या. १८७६ मध्यें 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका इंग्रज वकिलाचें 'मॉडर्न मॅजिक' निघालें, आणि घरबसल्या जादू शिकणारांची एक पिढीच्या पिढी त्यावर तयार झाली.

पुस्तकानें विद्या येते, असें यावरून कोणी म्हणेल. त्यांनीं रॉबेर-उदँ याचें चरित्र पाहावें. १८०५ मध्यें जन्मलेला हा फ्रेंच मनुष्य मूळचा घड्याळजी. घड्याळकामाचें पुस्तक मागितलें असतां दुकानदारानें चुकून करमणुकीच्या शास्त्रीय खेळांचें पुस्तक बांधून दिलें व त्यामुळें आपलें आयुष्य बदललें, असें तो आत्मचरित्रांत सांगतो. परंतु पुढें तोच सांगतो कीं, पुस्तकांतील मजकुरानें बोटें वळेनात. तेव्हां गांवांतील एका माणसाकडे, पायाचीं कुरुपें कापणें हा ज्याचा धंदा होता त्याच्याकडे, तो दहा फ्रँक देऊन गोळे झेलण्यास शिकला. समोर पुस्तक ठेवून तें वाचीत असतांनाच चार गोळे हवेंत खेळविण्याचा अभ्यास त्यानें केला. आधुनिक जादूचा जनक म्हणून ज्याला युरोप मानतो, त्याचा हात शेवटीं एका गरीब कारागिराच्या हाताखालीं तयार झाला आहे.

फरक एवढाच कीं, त्या कारागिराची आठवण शिष्यानें लिहून ठेविली. आमच्याकडील कारागिरांच्या वांट्याला दोन प्रकारचें दुर्दैव आलें. एक परक्यांकडून आलें. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत रामो सामी या नांवानें प्रसिद्ध झालेला दक्षिण हिंदुस्थानी खेळाडू इंग्लंडांत गेला. हिंदी खेळाडूंचें लंडनमधील चेंडू झेलण्याचें कसब पाहून हॅझलिटसारख्या निबंधकारानें १८२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत, असें निर्दोष काम आपल्या लेखणीकडून कधीं झालें आहे काय, असा प्रश्न स्वतःला विचारला. रामो सामी १८५० मध्यें लंडनमध्येंच दारिद्र्यांत वारला. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १८९० मध्यें, शिकागोच्या एका वर्तमानपत्रानें हिंदुस्थानांत एक फकीर दोरी आकाशांत फेकतो व तीवरून मुलगा चढून अदृश्य होतो अशी बातमी छापली. चारच महिन्यांनीं ती बनावट असल्याची कबुली त्याच पत्रानें दिली. पण कबुली कोण वाचतो? बातमी जगभर झाली, आणि न झालेला दोरीचा खेळ हीच हिंदी जादूची ओळख होऊन बसली. उघड्या उन्हांत चोहोंकडून पाहणाऱ्या लोकांपुढें जें खरोखर होत होतें, त्याला मात्र 'रस्त्यावरचा खेळ' यापलीकडे नांव मिळालें नाहीं.

दुसरें दुर्दैव आम्हीं स्वतः निर्माण केलें. महाराष्ट्रांत रंगभूमीवरील जादूला जो मान मिळाला, त्याचें श्रेय फार मोठ्या अंशानें जादूगार रघुवीर यांस आहे. चाकणजवळच्या आंबेठाण गांवचे हे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहांत वाढले, आणि एका राजस्थानी फिरत्या जादूगारापासून त्यांनीं या विद्येचे धडे घेतले. पुढें त्यांनीं महाराष्ट्रांतील गांवोगांव आणि परदेशही आपल्या खेळांनीं गाजविले. 'प्रवासी जादूगार' हें पुस्तक लिहिलें. आणि त्यांच्या घराण्यांत मुलानें व नातवानें ही कला पुढें चालविली. तिकीट काढून, सहकुटुंब, खुर्चीवर बसून जादू पाहण्याची संवय मराठी माणसाला त्यांनीं लाविली. या सर्व कीर्तीचा पहिला दुवा रस्त्यावरच्या एका फिरस्त्याच्या हातांत होता, हें आपण विसरतां कामा नये.

आपण तें विसरलों याला पुरावा आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानें 'भीक मागणें' याची जी व्याख्या केली, तींत सार्वजनिक ठिकाणीं गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करून दाखविणें अशा निमित्तानें पैसे मागणेंही घातलें. असा मनुष्य वॉरंटावांचून पकडतां येतो, आणि दोषी ठरल्यास पहिल्याच वेळीं त्याला एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत संस्थेंत डांबतां येतें. म्हणजे तोच खेळ, तेच हात, तोच प्रेक्षक. नाट्यगृहाच्या आंत दाखविला तर कला, आणि बाहेर पायरीवर दाखविला तर भीक! आमच्या पनवेलीस आतां नाट्यगृह आहे. याच तालुक्यांतील शिरढोण येथें जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचें नांव त्याला दिलें आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र त्या नाट्यगृहाच्या दारांत आमच्या लहानपणचा मदारी चादर पसरून बसला तर त्याची गणना कशांत होईल, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. हेच लोक खेळाच्या शेवटीं ताईत विकीत, गर्दीला शापाची भीति घालीत, मंत्राचें ढोंग करीत; त्यांची एवढी तरफदारी कशाला? आम्हीं स्वतः त्यांना ताईत विकतांना पाहिलें आहे, आणि त्या कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. हातचलाखी दैवी शक्ति म्हणून विकली गेली म्हणजे तिचें लुबाडणुकींत रूपांतर होतें. पण या पापाचा मोठा वांटा मदाऱ्याच्या झोळींत नाहीं. तो गाद्यागिरद्यांवर बसलेल्या बाबांच्या पदरांत आहे. मदारी दोन रुपयांचा ताईत विकून दुसऱ्या गांवीं जातो. बाबा कुटुंबाचें घरदार विकावयास लावतो. या बाबांचा मुखवटा काढण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांनीं हत्यार कोणतें वापरलें? तेंच, मदाऱ्याचें! १९८९ मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन चमत्कारांचे प्रयोग करून दाखवूं लागले. हळदीला चुन्याचें पाणी लागलें कीं तांबडा रंग येतो, त्याला रक्त म्हणावयाचें. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलें कीं कांहीं क्षणांत आपोआप पेट घेतो, त्याला मंत्राग्नि म्हणावयाचें. आधीं चमत्कार करावयाचा व मग तो कसा केला तें सांगावयाचें, ही स्कॉटचीच रीत चार शतकांनंतर आमच्या चावड्यांवर आणि शाळांतून दिसली. या कार्याचे प्रमुख डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि जादूटोण्याच्या नांवाखालीं होणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत त्याच वर्षीं झाला. चुन्याहळदीचा प्रयोग करून दाखविणें हें काम किती जोखमीचें असूं शकतें, हें त्या दिवशीं सर्वांना कळलें.

तेव्हां जादू शिकूं पाहणाऱ्या मुलापुढें दोन प्रश्न उभे राहतात: हात कसा तयार करावा, आणि तयार हाताचें काय करावें. पहिल्याचें उत्तर जमूऱ्याच्या शाळेंत आहे. एक खेळ घ्यावा, पन्नास नव्हे. तो आरशापुढें करावा, आणि आरशांत हात पाहूं नये. आपले डोळे कोठें जातात तें पाहावें, कारण प्रेक्षकाचे डोळे तुमच्या डोळ्यांमागून येतात. हात चुकत असेल तोंवर तोंड उघडूं नये, आणि तोंड अडखळत असेल तोंवर घराबाहेर पडूं नये. एकाच माणसाला तोच खेळ पुन्हां दाखवूं नये. दुसऱ्याचें उत्तर अधिक सोपें, पण पाळावयास कठीण आहे. खेळ संपल्यावर प्रेक्षकाला असें वाटलें पाहिजे कीं, आपण आनंदानें फसलों. आपल्याला कोणी घाबरविलें किंवा लुटलें असें त्याला वाटतां कामा नये. प्रामाणिक जादूगार आधींच सांगतो कीं मी फसविणार आहे, आणि मग फसवितो. इतकी सचोटी पुष्कळशा प्रतिष्ठित धंद्यांतही आढळत नाहीं.

आम्हीं त्या मुलाला हें सर्व सांगितलें नाहीं. घरांतील जुन्या लुगड्याची एक चिंधी घेऊन आम्हीं तिची गोळी बांधली, ती त्याच्या करंगळीच्या मुळाशीं बसविली, आणि पन्नास वर्षांमागें मिळालेली आज्ञा त्याला जशीच्या तशी दिली. कोणाची आज्ञा तेंही सांगितलें. मात्र त्या गुरूचें नांव आम्हांस सांगतां आलें नाहीं, कारण तें विचारण्याचें आम्हांला त्या वेळीं सुचलेंच नव्हतें. मुलगा गेला. काल सायंकाळीं तो जिन्यांत भेटला. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, चाल मोकळी होती. "गोळी टाकलीस वाटतें?" असें आम्हीं विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. पिशव्या खालीं ठेवून त्यानें उजवा हात उघडून दाखविला.